वही कोणाची आणि हक्क कोणाचा?

व्यापारी मनुष्याला वहीचें माहात्म्य सांगावयास नको. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळीं चाटी गल्लींतून किंवा मंगळवार पेठेंतून एक फेरी मारावी. हिशेब संगणकावर गेले, तरी पेढीवर लाल कापडाची वही मांडलेली असते, तिच्यावर हळदकुंकू वाहिलेलें असतें आणि मालक तिला हात जोडून उभा असतो. ही नुसती रूढि नव्हे. वहींत जें लिहिलें तें येणें, आणि जें लिहिलें नाहीं तें बुडीत, हा पिढ्यान् पिढ्यांचा अनुभव त्या पूजेच्या मागें आहे. रोजकीर्दींत एक रक्कम चढवावयाची राहिली तर रात्रीं दिवा विझत नाहीं. खतावणींत चार आण्यांचा फरक पडला तर मुनिमाला झोप लागत नाहीं. ज्या शहरांत नोंदीची एवढी कदर, त्याच शहराच्या पूर्वभागांत हजारों घरांतून दुसरी एक वही आहे. तिची पूजा कोणी करीत नाहीं. तिला तंबाखूचा वास येतो, तिचे कोपरे दुमडलेले असतात, आणि ती जिची आहे तिला पुष्कळदां ती वाचतां येत नाहीं. ती विडीवालीची वही होय. आज आम्हांस जें लिहावयाचें आहे तें या दुसऱ्या वहीविषयीं.

विडी कशी होते हें सोलापूरकरांस ठाऊक आहे. परंतु ठाऊक असलेली गोष्ट पाहिलेलीच असते असें नाहीं. कारखान्याच्या शाखेंतून तेंदूचें पान, तंबाखू आणि दोरा मापून मिळतो. रात्रीं पान भिजत घालावयाचें, ओल्या फडक्यांत गुंडाळून ठेवावयाचें, पत्र्याचें माप धरून कात्रीनें कापावयाचें, आणि मग मांडीवर सूप घेऊन वळावयास बसावयाचें. चिमूटभर तंबाखू, एक वळसा, टोंकाची घडी, दोऱ्याचे फेरे. अशा एक हजार विड्या झाल्या म्हणजे मजुरीचा एक आंकडा पुरा होतो. मधल्या वेळांत स्वयंपाक, नळाचें पाणी, लेंकराचा ताप. दुसरे दिवशीं माल शाखेवर न्यावयाचा. तेथें तपासणारा जुड्यांतून हात फिरवितो, पसंत न पडलेल्या विड्या ‘छाट’ म्हणून बाजूला टाकतो, आणि उरलेला आंकडा वहींत लिहितो. पान कमी पडलें असेल तर तें बाईनें पदरचे पैसे घालून बाजारांतून आणलेलें असतें. त्याची नोंद मात्र कोठेंच होत नाहीं. त्या लेखणीच्या टोंकाशीं एका बाईचें बाळंतपण, आजारपण आणि म्हातारपण बांधलेलें असतें, ही गोष्ट लिहिणाराला क्वचितच आठवते.

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या वकिलीच्या बैठकींत पन्नाशीला टेकलेली एक बाई तीन वह्या पदरांत बांधून आली. पहिली तिच्या आईच्या नांवाची, दुसरी सासूच्या नांवाची, तिसरी तिच्या स्वतःच्या नांवाची. विड्या मात्र तिन्ही वह्यांतल्या बहुतेक तिच्याच हातच्या. आईची नजर अधू झाली तेव्हां ती आईच्या वहीवर ७ वर्षें बसली. लग्न होऊन सासरीं आली, तेथें सासूचें नांव चढलेलें होतें. नवी वही मागितली तर ‘एका घरांत दोन वह्या कशाला’ असें उत्तर मिळालें. तेथें गेलीं १६ वर्षें. सासू वारल्यावर स्वतःचें नांव लागलें, त्याला झालीं ८ वर्षें. एकंदर काम ३१ वर्षांचें, आणि कागदावर सेवा ८ वर्षांची. निवृत्तिवेतनाच्या योजनेला किमान १० वर्षांची सेवा लागते. फंडाच्या कचेरीनें तिला जें सांगितलें तें नियमाला धरूनच होतें: जमा असलेली रक्कम मिळेल, दरमहाचें वेतन मिळणार नाहीं. आम्ही तिला कलम समजावून सांगूं लागलों. ती शांतपणें म्हणाली, “वकीलसाहेब, कलमाचं तुम्ही बघा. विड्या वळल्या मी, वही झाली दुसऱ्याची. मग मी इतकी वर्षं कोण होते, तेवढं सांगा.” आमच्या कपाटांत कायद्याचे ग्रंथ पुष्कळ आहेत, या प्रश्नाचें उत्तर त्यांतल्या एकाहि ग्रंथांत आम्हांस सांपडलें नाहीं.

यांत दोष कोणा एकाचा होता असें आम्ही म्हणत नाहीं. शाखेला एक वही सोयीची होती, घरालाहि ती सोयीची वाटली, आणि ज्या सरकारी खात्यानें विचारावयाचें त्यानें विचारलें नाहीं. तीन सोयी एकत्र झाल्या आणि त्यांच्या खालीं एक हक्क चिरडला गेला. आमच्या समाजांतील बहुतेक अन्याय दुष्टपणानें होत नाहींत. ते असेच सोयीसोयीनें होतात. म्हणूनच ते कोणाच्या मनाला टोंचत नाहींत.

या बाईला ओळखावयास कायद्यालाहि थोडीं वर्षें लागलीं नाहींत. १९४८ सालच्या किमान वेतन कायद्याच्या परिशिष्टांत तंबाखूचा आणि विडीचा धंदा पहिल्यापासून होता. परंतु वेतन द्यावयाचें तें कामगाराला. आणि कामगार कोण, याचाच वाद कोर्टांत चालला. १९५८ सालीं मध्यप्रदेशांतील एका प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, सट्टेदार म्हणजे विड्या पुरविण्याचा मक्ता घेणारा स्वतंत्र मनुष्य आणि त्याचीं माणसें हीं कारखान्याचे कामगार नव्हेत. १९६० सालीं नागपूरच्या प्रकरणांत उलट निर्णय झाला: विडीवाले तुकड्यावर मजुरी घेत असले, येण्याजाण्याची थोडी मोकळीक त्यांना असली, तरी कारखान्यांत बसून मालकाच्या देखरेखीखालीं काम करितात, सबब ते कामगारच. लगेच १९६१ सालीं महाराष्ट्रांतील एका विडी कामगाराच्या रजेच्या पगाराचा प्रश्न त्याच न्यायालयापुढें आला. बहुमतानें म्हटलें कीं, हा मनुष्य वाटेल तेव्हां येतो, वाटेल तेव्हां जातो, सबब तो कामगार नव्हे. न्या. सुब्बाराव यांनीं मात्र आपलें भिन्न मत नोंदविलें. एका वर्षाचें अंतर, न्यायालय तेंच आणि विडीहि तीच! कारखान्यांत बसणाराची ही स्थिति, तर आपल्या ओसरीवर बसून वळणारीला कोण विचारतो?

हा घोळ १९६६ सालच्या विडी व सिगार कामगार कायद्यानें मिटविला. मालकाकडून किंवा मक्तेदाराकडून पान-तंबाखू घेऊन घरीं विडी वळणारी बाई ही ‘कर्मचारी’ होय, असें त्यानें व्याख्येंतच लिहून टाकलें. मधें मक्तेदार घालून जबाबदारी झटकतां येऊं नये म्हणून मुख्य मालकाला बांधून घेतलें. वीस दिवसांच्या कामामागें एक दिवसाची पगारी रजा दिली. सहा महिने काम केलेल्या माणसाला वाजवी कारण आणि एक महिन्याची नोटीस यांवांचून काढतां येणार नाहीं असें ठरविलें. पान कमी देणें, छाट काढणें यांवरील तंट्यांसाठीं दाद मागण्याचें ठिकाण नेमलें. मालकमंडळी या कायद्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. १९७४ सालीं मंगळूरकडील प्रकरणांत कायदा मुख्यत्वें टिकला. १९७७ च्या मे महिन्यांत विडीधंद्याला प्रॉव्हिडंट फंडाचा कायदा लागू झाला. त्यावरहि तक्रार झाली कीं, घरीं बसून वळणारी बाई ही फंडाच्या अर्थानें नोकर नव्हे. १९८५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तीहि तक्रार फेटाळली. न्यायालयाचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, पसंत-नापसंत ठरविण्याचा अधिकार ज्याच्या हातीं तोच देखरेख करणारा. मग काम कारखान्यांत होवो कीं घरांत. सारांश, १९४८ पासून १९८५ पर्यंत ३७ वर्षें लागलीं, तेव्हां कुठें कायद्याच्या दृष्टीला मांडीवर सूप घेतलेली बाई पुरती दिसूं लागली.

कायद्याला ती दिसली. परंतु कायदा तिच्यापर्यंत पोंचतो तो वहीच्याच वाटेनें. हें कसें, तें वाचकांनीं नीट ध्यानांत घ्यावें, कारण सगळें मर्म येथेंच आहे. प्रसूतिलाभ घ्या. बाळंतपणाच्या अपेक्षित दिवसापूर्वींच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम केलें असेल तर तो मिळतो. २०१७ पासून पहिल्या दोन मुलांपुरती त्याची मुदत २६ आठवड्यांची झाली आहे. हे ८० दिवस कशानें शाबीत व्हावयाचे? वहीनें. फंड घ्या. या धंद्यांत बाईच्या मजुरींतून शेंकडा १० कापले जातात आणि मालकाचे तितकेच मिळतात. मजुरी किती हें कोण सांगणार? वही. आतां ग्रॅच्युइटी म्हणजे सेवासमाप्तीचें उपदान घ्या. दर वर्षाच्या सेवेमागें पंधरा दिवसांची मजुरी असा हिशेब. वीस वर्षें झालीं तर ३०० दिवसांची मजुरी. परंतु तुकड्यावर काम करणाराची रोजची मजुरी धरतात ती काम सुटण्यापूर्वींच्या तीन महिन्यांच्या सरासरीनें. शेवटच्या तीन महिन्यांत कोणी रोजचें पान निम्म्यावर आणलें, तर त्या ३०० दिवसांची किंमतहि निम्म्यावर येते. वीस वर्षांच्या घामाचा भाव नव्वद दिवसांच्या वहीवर ठरतो! हा डाव जाणून खेळणारा मालक विरळा असेल. परंतु काम मंदावलें म्हणून न कळत खेळला गेला तरी बाईचें नुकसान तेंच.

आणखी दोन खाचा आहेत. फंडाचा कायदा २० माणसांच्या धंद्याला आणि उपदानाचा १० माणसांच्या धंद्याला लागतो. म्हणून एका छपराखालीं चार पाट्या लावण्याचा मोह सुटतो. हा मोह विडीच्याच धंद्यांत आहे असें नव्हे, यंत्रमागाच्या शेडमधूनहि त्याचा वास येतो. दुसरी खांच याहून बारीक. मालक पान-तंबाखू ‘विकतो’ आणि तयार विडी ‘विकत घेतो’, असे कागद रंगविले म्हणजे मालक तो गिऱ्हाईक झाला आणि मजूर ती व्यापारीण झाली! सकाळीं पान विकत घेऊन संध्याकाळीं विडी विकणाऱ्या, आणि तरीहि भाव ठरविण्याचा, माल नाकारण्याचा किंवा दुसऱ्याला विकण्याचा अधिकार नसणाऱ्या अशा व्यापारणी आमच्या बाजारपेठेंत कोणी पाहिल्या असतील तर त्यानें आम्हांस अवश्य दाखवाव्या.

याच शहरांतील गिरणी कामगारांचा इतिहास याशेजारीं ठेवून पाहावा. १८७७ सालीं सुरू झालेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, म्हणजे आपली जुनी गिरणी, १९४९ च्या ऑगस्टमध्यें चालकांनीं बंद केली. हजारों माणसें एका दरवाजासमोर उभीं राहिलीं. त्यांचीं नांवें मस्टरावर होतीं. त्यांचा आवाज दिल्लीस पोंचला. १९५० च्या जानेवारींत सरकारनें वटहुकूम काढून गिरणीचा कारभार आपल्या हातीं घेतला आणि पुढें त्याचा कायदा झाला. कारण दिलें तें असें कीं, जीवनावश्यक मालाचें उत्पादन थांबलें असून बेकारी माजली आहे. एका भागधारकानें त्याविरुद्ध फिर्याद केली ती राज्यघटना लागू झाली त्याच वर्षीं सर्वोच्च न्यायालयापुढें आली, आणि बहुमतानें कायद्याच्या बाजूनें निर्णय झाला. १९५३ सालीं दुसऱ्या भागधारकाच्या प्रकरणांत न्यायालयानें मोबदल्यावांचून मालमत्ता घेतली म्हणून विरुद्ध निकाल दिला; आणि १९५५ च्या चौथ्या घटनादुरुस्तीच्या कारणांत त्या निकालाची गणना होते. सोलापूरच्या एका गिरणीच्या कुलुपानें देशाच्या घटनेला हात घालावयास लावला, एवढें सामर्थ्य त्या दरवाजासमोरच्या गर्दींत होतें. पुढें ती गिरणी गेली, लक्ष्मी-विष्णूचा भोंगा थांबला, नरसिंगगिरजीचाहि थांबला. हा निराळा आणि दुःखाचा इतिहास आहे. परंतु विडीवालीला दरवाजाच नाहीं. तिचें काम बंद होतें तेव्हां भोंगा वाजत नाहीं, कुलूप लागत नाहीं, वर्तमानपत्राला बातमी मिळत नाहीं. एका घरांतलें सूप भिंतीला टेकवून ठेवलें जातें, इतकेंच. जिला दरवाजा नाहीं तिचें मस्टर म्हणजे तिची वही. ती खोटी असेल तर बाईचें असणेंच खोटें ठरतें.

नोंदीचें सामर्थ्य केवढें, याचा पुरावाहि या शहराच्या वेशीवरच आहे. विडी कामगारांनीं संघटना करून, नांवनिशी याद्या करून, वर्षानुवर्षें मागणी लावून धरली, तेव्हां कुंभारी येथें गोदुताई परुळेकर यांच्या नांवानें १०,००० घरांची वसाहत उभी राहिली. १ सप्टेंबर २००६ रोजीं पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्तें त्या घरांचें वाटप झालें. पुढें रे नगरचीं १५,००० घरें १९ जानेवारी २०२४ रोजीं पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्तें अर्पण झालीं. त्यांत विडी कामगारांबरोबर यंत्रमाग कामगार, फेरीवाले, कचरावेंचक अशीं माणसें होतीं. पक्ष कोणता, सरकार कोणाचें, हा वाद येथें अप्रस्तुत आहे. आमचें म्हणणें एवढेंच कीं, यादींत नांव होतें म्हणून डोक्यावर छप्पर आलें.

आतां दुसऱ्या पक्षाचें म्हणणें ऐकूं. पहिला आक्षेप असा कीं, धंद्याला हें ओझें सोसत नाहीं. येथें दर वाढले कीं धंदा हद्दीपलीकडे कर्नाटकांत किंवा तेलंगणांत जाईल. हा आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. शेजारच्या राज्यांत मजुरीचे दर निरनिराळे असले म्हणजे माल स्वस्त मजुरीकडे वाहतो हें खरें. परंतु त्याचें औषध नोंद लपविणें हें नव्हे. सर्व राज्यांना एक तळ घालून देणें हें आहे. वेतन संहितेंत केंद्र सरकारनें ठरवावयाच्या तळवेतनाची तरतूद झाली आहे. त्याखालीं कोणत्याहि राज्याला जातां येत नाहीं. व्यापारी मंडळांना निवेदनें करावयाचीं असतील तर तो तळ न्याय्य आणि सर्वत्र सारखा अमलांत यावा म्हणून करावीं. प्रामाणिक व्यापाऱ्याचें खरें नुकसान कायद्यानें होत नसतें. शेजारचा तो चुकवितो आणि स्वस्त विकतो, यानें होतें.

दुसरा आक्षेप, बाईलाच कापणी नको असते. तिला रोख आजच पाहिजे. हेंहि पुष्कळ अंशीं खरें आहे. ज्या घरांत संध्याकाळचें तेल संध्याकाळीं आणावयाचें, तेथें म्हातारपणासाठीं शेंकडा १० बाजूला टाकणें जड जातें. शिवाय १९९५ च्या योजनेखालीं मिळणारें किमान निवृत्तिवेतन २०१४ च्या सप्टेंबरपासून दरमहा १,००० रुपये ठरलेलें. एवढ्यासाठीं इतकी खटपट कशाला, असें तिला वाटलें तर आम्ही तिला हंसणार नाहीं. ती रक्कम वाढली पाहिजे, ही मागणी रास्तच आहे. तथापि हेंहि तिला कोणी समजावून सांगावयास हवें कीं, तिच्या दहाबरोबर मालकाचे दहा येतात, आणि कापणी टाळली कीं आपल्या दहांसाठीं दुसऱ्याचे दहा बुडतात. शहाण्या मुनिमाला हें गणित एका क्षणांत कळेल. मग तें त्यानें तिला सांगूं नये काय?

तिसरा आक्षेप सुधारकांचा आहे, म्हणून तो आम्हांला अधिक लागतो. तंबाखू हें विष. विडीनें छाती जळते. असल्या धंद्याची बाजू कशाला घ्यावी? आम्ही धंद्याची बाजू घेत नाहीं. तंबाखूची धूळ पहिल्यानें जाते ती वळणारीच्याच छातींत. तंबाखू नियंत्रणाच्या जागतिक करारावर भारतानें २००४ सालीं शिक्कामोर्तब केलें. या धंद्यांतील माणसांना दुसरें पोट भरण्याचें साधन मिळावें, असें त्या करारांतच कलम आहे. परंतु धंदा कमी व्हावयाचा तर तो उद्यां तिचें देणें फेडून व्हावा, तें बुडवून नव्हे. आणि दुसरें काम द्यावयाचें तर तें कोणाला, हें ठरविण्यासाठीं पुनः नांव, वर्षें आणि वही हींच लागतील. धंदा आज चालावा असें म्हणणारानें, आणि तो उद्यां बंद व्हावा असें म्हणणारानेंहि, नोंद खरी असावी असेंच म्हटलें पाहिजे.

हा विषय आज निकडीचा कां झाला, हें आतां सांगतों. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता देशांत अमलांत आल्या आणि २९ जुने कायदे त्यांत विलीन झाले. १९६६ सालचा विडी कामगारांचा कायदाहि त्यांत गेला. सुटसुटीतपणा ही चांगली गोष्ट आहे. प्रत्येक कर्मचाऱ्याला नेमणुकीचें पत्र मिळावें, हें कलमहि स्तुत्य आहे. परंतु सामाजिक सुरक्षा संहितेंत ‘गृहाधारित कामगार’ असा एक शब्द आहे आणि तो असंघटित कामगारांच्या व्याख्येंत गोंविला आहे. आमची भीति वकिली स्वभावाची असेल, पण ती आम्ही बोलून दाखवितों. विडीवाली घरीं बसून काम करिते, सबब ती असंघटित. असंघटित, सबब तिला फंड व उपदान नको, सरकारी योजना पुरेत. असा युक्तिवाद उद्यां कोणी उभा केला, तर १९६६ सालीं विधिमंडळानें आणि १९८५ सालीं न्यायालयानें जें दिलें तें एका विशेषणाच्या आडून काढून घेतल्यासारखें होईल. योजना ही कृपा आहे. फंड आणि उपदान हें कमावलेलें धन आहे. दोहोंची अदलाबदल होऊं नये. कृपा केव्हां आटेल याचा नेम नसतो, याचा अनुभवहि याच धंद्याला आहे: १९७६ सालीं विडीवर उपकर बसवून कल्याणनिधि उभारला, त्यांतून दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या, घरांना साहाय्य मिळालें, २०१७ सालीं वस्तु व सेवा कर आला आणि तो उपकर बंद झाला. झरा बंद झाल्यावर विहीर किती दिवस भरलेली राहणार, हें सांगावयास ज्योतिषी नको.

मग करावें काय? सरकारनें करावयाचें तें असें कीं, राज्याचे नियम व त्यांची अंमलबजावणी यांत घरीं वळणारी बाई ही कर्मचारीच होय हें निःसंदिग्ध शब्दांत ठेवावें, आणि कामगार कचेरीनें वर्षांतून निदान एकदां टेबल-खुर्ची घेऊन विडी घरकुलांत आणि पूर्वभागाच्या वस्तींत बसावें. परंतु सरकारवर सर्व टाकून मोकळें होणें हा आमचा जुना रोग आहे. व्यापाऱ्यांनीं करावयाचें तें याहून सोपें आहे. जितके हात तितक्या वह्या. सासू-सुना दोघी वळत असतील तर दोन नांवें. विड्या किती घेतल्या याबरोबर छाट किती व कां काढला हेंहि लिहावें. पान किती दिलें तें लिहावें. महिन्याची बेरीज मारून तिला वाचतां येईल अशा अक्षरांत, मराठींत किंवा तेलुगूंत, तिच्या हातीं द्यावी. वहींतलें नांव, आधारपत्रावरचें नांव आणि बँकेंतलें नांव एकच आहे कीं नाहीं, हें ती कामावर असतांनाच पाहून घ्यावें. माहेरचें नांव एकीकडे, सासरचें दुसरीकडे, आणि जन्मतारीख तिसरीच, असा गोंधळ निस्तरावयास म्हातारपणीं तिला कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावयास लावणें हा धर्म नव्हे. यांत पैसा फारसा लागत नाहीं. चार ओळी अधिक लिहाव्या लागतात.

आणि सुशिक्षितांनीं? आपल्या गल्लींत जी विडीवाली असेल तिची वही एकदां वाचून द्यावी. महाविद्यालयाच्या मुलांना याहून चांगला स्वाध्याय कोणता? वकील मंडळींनीं महिन्यांतून एक रविवार द्यावा, आम्हीहि देऊं. १९२८ सालीं मुंबईच्या विधिमंडळांत प्रसूतिलाभाच्या बिलाला पाठिंबा देतांना डॉ. आंबेडकरांनीं सांगितलें होतें कीं, आईला विश्रांति मिळणें हें राष्ट्राच्याच हिताचें आहे. पुढच्याच वर्षीं त्याचा कायदा झाला. इतक्या वर्षांपूर्वीं ज्या प्रांतानें हें तत्त्व मान्य केलें, त्यांतल्या एका आईचें बाळंतपण आज वहींतल्या एका गाळलेल्या ओळीमुळें बिनपगारी जावें, हें आम्हांला शोभत नाहीं. राज्यघटनेच्या ४२ व्या कलमानें कामाची न्याय्य व माणुसकीची परिस्थिति आणि प्रसूतीचें साहाय्य यांची जबाबदारी राज्यावर टाकली. परंतु राज्य म्हणजे कोणी परका नव्हे. तें आपणच आहों.

१२ जानेवारी आली कीं आपण चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांना हार घालतों. १९३० सालच्या लष्करी कायद्याच्या दिवसांत ज्या शहरानें परक्या सत्तेला हिशेब विचारला, त्या शहराला आपल्याच घरचा हिशेब नीट ठेवतां येऊं नये, हें दुर्दैव होईल. स्वराज्य म्हणजे मोठमोठ्या सभा नव्हेत. जिनें काम केलें तिचें नांव तिच्या कामापुढें लिहिणें, हेंहि स्वराज्यच आहे.

त्या बाईच्या प्रश्नाचें उत्तर आम्हांला त्या दिवशीं देतां आलें नाहीं. तिचीं ३१ वर्षें आतां परत यावयाचीं नाहींत. परंतु तिची सून आज कोणाच्या वहीवर बसली आहे? हा प्रश्न आम्ही आपल्या व्यापारी बंधूंस विचारतों. येत्या लक्ष्मीपूजनाला वहीपुढें हात जोडण्यापूर्वीं त्यांनीं शाखेवरची ती दुसरी वही एकदां उघडून पाहावी. जिच्या हातानें लक्ष्मी आली, तिचें नांव तींत आहे कीं नाहीं?